मोडी शिकताना दिसलेला पहिलीचा वर्ग

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते. पहिली आणि दुसरी एकाच खोलीत बसतात आणि ती खोली बरीच वर्षं माझ्याकडे आहे. मुलांना वाचतं करणं हेच माझं मुख्य काम. पण मी स्वतः वाचायला कशी शिकले, ते मला आठवत नाही. बहुतेकांना ते आठवत नसावं. बाळबोध, म्हणजे नेहमीचं देवनागरी, अक्षर डोळ्यांसमोर आलं की ते वाचलं जातंच, वाचायचं नाही असं ठरवलं तरी. जॉन रिडली स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हे फार साध्या रीतीने दाखवलं. ‘निळा’ हा शब्द लाल शाईत छापायचा आणि समोरच्याला फक्त शाईचा रंग विचारायचा. माणूस अडखळतो, कारण रंग सांगण्याआधी शब्द वाचून झालेला असतो. ज्या गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत, त्या शिकताना नेमकं काय घडतं हे शिकवणाऱ्याला दिसावं तरी कसं?

मला ते दिसलं मोडी या मराठीच्या जुन्या लिपीमुळे.

सासरच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत जुने कागद होते. भाटाचे, म्हणजे माडांच्या बागायतीचे व्यवहार, देवाच्या उत्सवाचे जमाखर्च, काही पत्रं. आजेसासऱ्यांना मोडी हाताखालची होती, पण त्यांच्यानंतर घरात कुणाला ती येईना. पेडणे, दिचोली, सत्तरी हा मुलूख अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांचा होता, त्यामुळे आमच्या बाजूच्या जुन्या घरांत असे कागद सापडतात. म्हापशाच्या एका वाचनालयात रविवारी मोडीचा वर्ग सुरू होतोय असं कळलं आणि मी नाव घातलं. शिकवणारे सर वयाची सत्तरी ओलांडलेले. पहिल्याच दिवशी मी ठरवलं, की लिपी तर शिकायचीच, पण शिकताना आपल्या डोक्यात काय चाललंय याचीही एक वही ठेवायची.

सरांनी मुळाक्षरांचा तक्ता दिला. मी तो कदंबच्या बसमध्ये बघत असे, स्वयंपाकघराच्या भिंतीवरही लावला होता. थोड्याच दिवसांत सगळी अक्षरं ओळखीची वाटायला लागली. मग एका रविवारी सरांनी तक्ते उलटे ठेवायला लावले आणि कोऱ्या कागदावर ‘ख’ काढा म्हणाले. हात जागचा हलेना. ओळख पटणं ही एक गोष्ट आणि मनातून काढून दाखवणं ही वेगळी, हे मी डी.एड.ला पाठ केलं होतं. त्या दिवशी ते प्रत्यक्ष भेटलं. पुढे मी घरी तक्ता बघणं कमी केलं आणि चिठ्ठ्या केल्या. एका बाजूला बाळबोध, दुसऱ्या बाजूला मोडी. बाळबोध बघून मोडी आठवायची, लिहायची, मगच चिठ्ठी उलटायची. हे काम कष्टाचं आहे आणि करताना आपल्याला काहीच येत नाही असं वाटत राहतं. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिके यांच्या २००६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. वर्गात आपण परीक्षा घेतो ती बहुधा त्या पाच मिनिटांतली, आणि ‘सगळ्यांना आलं’ म्हणून पुढच्या धड्याकडे वळतो.

गणेश चवथीची सुट्टी आली. माटोळी, नेवऱ्या, पाहुणे, घुमट आरत्या यांत वही उघडलीच गेली नाही. सुट्टी संपल्यावर चिठ्ठ्या काढल्या तर अर्धीअधिक अक्षरं गेलेली. त्याच आठवड्यात पहिलीच्या मुलांचीही तीच अवस्था होती, ती दर वर्षी असते. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून, स्वतःवरच मोजमापं घेतली आणि १८८५ साली ती प्रसिद्ध केली. त्यातला विसरण्याचा आलेख सगळ्यांना माहीत असतो: सुरुवातीला झपाट्याने घसरण, मग संथ. पण तो मोजत काय होता, तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. तेच पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती कमी वेळ लागतो, ते तो मोजत होता. म्हणजे विसरलो असं वाटत असतानाही आत काहीतरी शिल्लक असतं, आणि ते दुसऱ्या खेपेला वेळ वाचवतं. मला हे तंतोतंत पटलं, कारण गेलेली अक्षरं दोन संध्याकाळींत परत आली आणि आता पहिल्यापेक्षा पक्की बसली. चवथीनंतरचा आठवडा मी वर्गात आता वाया गेलेला धरत नाही. नवीन काही घेत नाही, फक्त जूनपासूनचं आठवून काढायला लावते.

सरांचा एक आग्रह असे. आधी कागदभर आडवी रेघ मारायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, आणि होता होईल तो हात उचलायचा नाही. मोडी अशीच लिहिली जाते. मला वाचायचं होतं, लिहायचं नव्हतं, म्हणून सुरुवातीला हा वेळखाऊपणा वाटला. पण जी अक्षरं मी हाताने वळवली तीच कागदात चटकन दिसायला लागली. जुना लेखक घाईत असला की वळण अर्धवट सोडतो; आपला हात त्या वाटेने गेलेला असेल तर डोळा उरलेलं वळण पुरं करतो. फ्रान्समध्ये २००५ साली तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर याचा अभ्यास झाला. काही मुलांनी अक्षरं हाताने गिरवली, काहींनी कळफलकावर दाबली. त्यांतल्या मोठ्या मुलांना हाताने काढलेली अक्षरं अधिक चांगली ओळखता आली. आजकाल टॅबवर अक्षरं शिकवण्याचा उत्साह फार आहे. बोट लावलं की अक्षर आवाज करतं, मुलंही खूश होतात. माझा त्याला विरोध नाही, पण पाटी-पेन्सिलीची जागा ते घेऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे.

एक गोष्ट अशीच जाता जाता. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. सनदा, निवाडे, पत्रव्यवहार, अख्ख्या राज्याचा कारभार त्याशिवाय शेकडो वर्षं चालला. हे कळल्यापासून दुसरीच्या वह्यांत ‘नदि’ दिसलं की मी ते दुरुस्त करते खरी, पण लाल शाईने नाही.

खरी परीक्षा अक्षरं संपल्यावर सुरू झाली. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, विरामचिन्हं नाहीत. क, र यांसारखी अक्षरं काना-वेलांटी लागली की रूप पालटतात. सरांनी पहिला खरा कागद दिला, त्यातली एक ओळ अशी होती: ‘येथीलकुशलजाणोनस्वकीयलिहीतजाणे’. बाळबोधात हे दिसताक्षणी तुटतं. मोडीत मी वाचलं, ‘येथी… लकु… शलजा… णोन…’. प्रत्येक अक्षर बरोबर होतं. ‘जाणे’पर्यंत पोचले तेव्हा सरांनी विचारलं, “काय लिहिलंय, बाई?” मला सांगता येईना. ओळीच्या शेवटी येईपर्यंत सुरुवात नाहीशी झाली होती. पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केलं आणि पुन्हा तेच.

वहीत त्या दिवशी मी फक्त एका मुलीचं नाव लिहून ठेवलं. दुसरीतली ती मुलगी ‘मगर नदीच्या काठावर बसली होती’ हे वाक्य बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून, अजिबात न चुकता वाचते. “काठावर कोण बसली होती?” म्हटलं की पुस्तकाकडे बघत राहते. अशा मुलावर ‘लक्ष देत नाही’ असा शेरा सर्रास पडतो. आपल्याकडे तर घरी कोंकणी, शाळेत मराठी, तेव्हा ‘भाषाच कळत नाही’ हेही लगेच म्हटलं जातं. पण त्या मुलीचं लक्ष शंभर टक्के त्या ओळीवर होतं, आणि मगर तिला चांगली ठाऊक होती. माझंही लक्ष होतं, आणि मराठी तर माझ्या पोटापाण्याची भाषा आहे. अडचण जागेची होती. अॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली कार्यस्मृतीची कल्पना मांडली: हातात घेतलेलं काम चालू असेपर्यंत मन लागणाऱ्या गोष्टी जिथे धरून ठेवतं, ती जागा. ती फार लहान असते. जॉर्ज मिलरने १९५६ साली साताच्या आसपास गोष्टी म्हटल्या होत्या, नेल्सन कोवनने २००१ मध्ये ते चारावर आणलं. अडखळत वाचणाऱ्याची ही सगळी जागा अक्षर ओळखणं, जोडणं आणि तोडणं यांतच भरून जाते. अर्थ दारातच उभा राहतो. सराईत वाचकाला अक्षरांसाठी जागा लागतच नाही, म्हणून अर्थाला ती मोकळी मिळते. डेव्हिड लाबर्ज आणि जे सॅम्युएल्स यांनीही १९७४ मध्येच हे वाचनाबद्दल स्पष्ट लिहिलं.

सॅम्युएल्सचा १९७९ मधला उपाय अगदी साधा आहे: तोच छोटा उतारा पुन्हा पुन्हा वाचायचा. मी तो आधी स्वतःवर केला. तोच कागद, त्याच पाच ओळी, दोन-दोन दिवसांनी. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ‘येथील कुशल जाणोन’ हे एका दमात आलं आणि अचानक पत्र बोलायला लागलं. कुणीतरी कुणाची तरी खुशाली विचारत होतं. मग तेच वर्गात सुरू केलं. पहिल्या वाचनाला मी आता प्रश्न विचारत नाही. पहिलं वाचन अक्षरांसाठी, दुसरं सलग होण्यासाठी. अर्थ विचारायचा तो तिसऱ्या वाचनानंतर, तोही बऱ्याचदा कृतीतून. पट्ट्यांवर लिहून ठेवलंय: ‘खिडकी उघड’, ‘तुझं दप्तर माझ्या टेबलावर ठेव’, ‘दारापर्यंत जा आणि परत ये’. मूल पट्टी तीनदा पुटपुटतं आणि उठून करतं. मगरीच्या वाक्यावर गप्प बसणारी ती मुलगी दप्तर घेऊन टेबलाशी आली, तेव्हा तिला अर्थ कळलाय की नाही हे विचारायची गरजच उरली नाही.

पुढचा टप्पा मायन्यांचा. जुनी पत्रं ठरलेल्या साच्यात चालतात. ‘अखंडित लक्ष्मी आलंकृत राजमान्य राजश्री’ इथपासून ‘साष्टांग नमस्कार विनंती’पर्यंतचा मजकूर एकदा ओळखीचा झाला की अर्धं पत्र न अडता वाचता येतं. शेवटी ‘बहुत काय लिहिणे’, ‘मोर्तब सूद’. आपण ते अक्षरांनी वाचतच नाही, अख्खा तुकडा एका नजरेत उचलतो. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंबद्दल नेमकं हेच दाखवलं. खऱ्या डावातली मांडणी काही सेकंद दाखवली की पट्टीचा खेळाडू ती जवळपास तशीच परत मांडतो. मोहरी वाटेल तशी विखरून ठेवली की त्याची आघाडी जवळजवळ संपते. त्याची स्मरणशक्ती अफाट नसते, त्याच्याकडे ओळखीचे साचे भरपूर असतात. मोडीच्या कागदात विखुरलेली मोहरी म्हणजे माणसांची नावं आणि आकडे. तिथे सरसुद्धा थांबतात, चष्मा पुसतात आणि एकेक अक्षर लावतात.

कालगणनेची ओळ मला बरेच दिवस अशीच अडवत होती. ‘सन इहिदे सबैन मया व अलफ’. अक्षरं लागली तरी हाती काही लागेना, कारण हे अरबी संख्यावाचक शब्द आहेत. इहिदे म्हणजे एक, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. सगळं मिळून सुहूर सन ११७१, त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७७० (त्या सुहूर वर्षाच्या उत्तरार्धासाठी ६००). ही यादी पाठ झाल्यावर तीच ओळ डोळे स्वतःहून शोधायला लागले. वाचन म्हणजे नुसती लिपी नव्हे, आधी काय माहीत आहे त्यावर ते उभं राहतं. म्हणून पाठ्यपुस्तकात रेल्वेस्थानकाचा धडा असेल तर मी मुलांना आधी पेडण्याच्या स्टेशनाबद्दल बोलतं करते, मग पुस्तक उघडायला लावते.

पण याच साच्यांची एक दुसरी बाजू आहे. अपेक्षित असतं ते डोळा वाचतो, लिहिलेलं नव्हे. मुलंही चित्र बघून ‘आंबा’ म्हणतात आणि लिहिलेलं असतं ‘कैरी’. म्हणून चित्र झाकून वाचण्याची एक फेरी मी ठेवतेच.

सारख्या दिसणाऱ्या अक्षरांबाबतही सवय बदलली. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या आधी लांब अंतराने, वेगवेगळ्या शिकवते. दोन्ही बसल्यावर मात्र मुद्दाम एकत्र आणते आणि फरक मुलांनाच बोटाने दाखवायला लावते. ३ चा आकडा उलटा काढणाऱ्या मुलाची काळजी आता पालकांनाही करू देत नाही. स्टानिस्लास दहेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या निरक्षर, मोठेपणी साक्षर झालेल्या आणि लहानपणीच शिकलेल्या माणसांच्या मेंदूंची तुलना केली. वाचनासाठी मेंदूत वेगळं घर बांधलेलं नसतं. चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाचाच एक तुकडा अक्षरांना दिला जातो. चमचा डावीकडे वळवला काय नि उजवीकडे, तो चमचाच. अक्षराला हा नियम लागू नाही, हे मेंदूला नव्याने शिकावं लागतं आणि त्याला वेळ लागतो.

दुसऱ्या वर्षी सरांनी मला नवख्यांचा गट सांभाळायला सांगितलं. तिथे एक गोष्ट लख्ख दिसली. सरांचं ज्ञान माझ्या कितीतरी पट, पण नवख्याची अडचण सांगताना ते थबकत. शब्द कुठे तोडायचा हे विचारलं की म्हणत, “दिसतंय की.” त्यांना खरोखरच दिसत होतं. एलिझाबेथ न्यूटन हिने १९९० मध्ये स्टॅनफर्डला एक प्रयोग केला. एकाने ओळखीच्या गाण्याचा ताल टेबलावर वाजवायचा, दुसऱ्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटलं, निम्म्या वेळा तरी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ गाणी ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. मी आमच्या गटात ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ बाकावर वाजवून बघितलं. दर चवथीला ती म्हणणाऱ्यांपैकी एकालाही ओळखता आली नाही. त्यानंतर मी कागद वाचताना मोठ्याने विचार करायला लागले: ‘इथे “जा” दिसला, पुढे “णो”, म्हणजे “जाणोन” असावं, मग त्याआधीचा शब्द इथे संपतो.’ नवख्यांना उत्तरापेक्षा हे जास्त उपयोगी पडलं.

गेल्या वर्षी आमच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत मी अर्धा तास मागून घेतला. प्रत्येकाला मोडीच्या दोन ओळी आणि अक्षरांचा तक्ता दिला, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगितलं आणि लगेच अर्थ विचारला. बरीच अक्षरं लागली, अर्थ एकालाही सांगता आला नाही. एक ज्येष्ठ गुरुजी मध्येच कागद खाली ठेवून म्हणाले, “सगळे बघतायत म्हणून जे येतंय तेही जातंय.” तेही खरं होतं. धास्ती त्याच लहानशा जागेत येऊन बसते. मग जोड्या केल्या, त्याच ओळी तीनदा वाचू दिल्या, आणि बऱ्याच जणांना अर्थ लागला. नंतर चर्चा मोडीवर झालीच नाही, आपापल्या वर्गातल्या मुलांवर झाली. एक बाई तर एका मुलाचं नाव घेऊन एवढंच म्हणाल्या, की त्याला त्या उद्या पुन्हा वाचायला बसवणार.

शिक्षक प्रशिक्षणात प्रत्येकाला निदान काही आठवडे एक अनोळखी लिपी शिकायला लावावी, असं मी त्या बैठकीतच मांडलं. बोलायला सोपं आहे, साहित्य कुणीतरी करायला हवं. दुसऱ्या दोन केंद्रांतून ओळींची मागणी आली आहे, म्हणून सध्या संध्याकाळी तेच काम घेऊन बसते. पहिल्या पानावर खुशालीची सोपी वाक्यं ठेवली आहेत, शब्दांमध्ये थोडी जागा सोडून. दुसऱ्या पानावर तीच वाक्यं, जागा न सोडता. नावं आणि आकडे तिसऱ्या पानावर, आणि त्या पानाला वेळेची मर्यादा नाही.